अर्ध्या गोळीचा विडा

पहाटे पाचच्या सुमाराला त्या घरात सरोत्याचा आवाज व्हायचा. कट्. मग थोडं थांबून पुन्हा कट्. दिपालीला जाग आली की ती पडल्या पडल्या तो ऐकायची आणि कूस बदलायची. घर बारई समाजाचं, तीन पिढ्या पानमळ्यावर जगलेलं. अशा घरात सुपारी कातरल्याचा आवाज येतो, तर त्यात नवल कसलं? नवल इतकंच, की या घरात आता सुपारी खाणारं कुणी उरलं नव्हतं. दिपालीचा नवरा केशव तंबाखूचा खर्रा खायचा, तोही गावातल्या ठेल्यावरून घोटून आणायचा. सासू अंजनाबाई नवरा गेल्यापासून पान तोडायची, तोंडात घालायची नाही. आणि ज्यांच्यासाठी चाळीस वर्षं रोज पहाटे सुपारी कातरली गेली ते सासरे नानाजी पौषातच गेले होते.

हाताला सवय असते, असं दिपालीनं स्वतःला समजावलं होतं. तिला या घरात येऊन चार वर्षं झाली होती आणि सासूच्या हातांना ती चांगलं ओळखत होती. ते हात रिकामे राहू शकत नसत.

कन्हानच्या पुढे, नदीच्या अंगाला गाव. गावात एकेकाळी वीस पानमळे होते, आता चारच उरले. त्यातला एक यांचा. चारी बाजूंनी गवताच्या ताट्या, वर पाचटाचं छत आणि आत शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या कपुरी पानाच्या वेली, ओळीनं. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. भर दुपारीही आत हिरवट अंधार असतो आणि बोललेलं फार लांब जात नाही. याच मळ्यात, शेवटच्या ओळीत, पौषातल्या एका सकाळी नानाजी सापडले होते. शेवरीला टेकून बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, वेल बांधायची लव्हाळ्याची काडी मुठीत तशीच. प्रेशर वाढून मेंदूतली नस फुटली, असं कामठीच्या दवाखान्यात सांगितलं. तिसऱ्या दिवशी माणूस गेला.

तेरवीच्या दिवशी अंजनाबाईला भोवळ आली. तिचं प्रेशर मोजलं तर तेही वरच. कन्हानच्या खाजगी डॉक्टरनं तिला गोळी लिहून दिली. पाकीट हातात आलं तेव्हा अंजनाबाई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. तेच निळं पाकीट, तीच पांढरी गोळी, जी नानाजी खायचे.

त्या गोळीनं प्रेशर उतरलं नाही. महिन्याभरानं डॉक्टरनं दुसरी जोडली, पिवळी. चैत्रात पुन्हा नेलं, तर मशीनचा आकडा एकशे नव्वदला जाऊन अडला. डॉक्टरनं विचारलं, आजी, गोळ्या बरोबर घेता ना? अंजनाबाईनं रोज घेतो म्हणून सांगितलं. डॉक्टरनं दिपालीकडे पाहिलं. घरच्या बाईकडे असं पाहतात तेव्हा त्यात एक ठपका असतो, तो दिपालीला बरोबर पोचला. मग त्यानं तिसरी गोळी लिहिली आणि सासू बाहेर गेल्यावर हळूच म्हणाला, तिन्हींनीही उतरलं नाही तर नानाजींचं झालं तेच यांचं होईल, आज नाही तर दोन महिन्यांनी.

औषधाच्या दुकानात तिन्ही गोळ्यांचं महिन्याचं बिल अठराशेच्या वर गेलं. काउंटरमागचा माणूस ओळखीचा होता, याच लोकांचं पान खाणारा. दिपालीनं त्याला विचारलं की यात काही स्वस्तातलं मिळतं का, नाहीतर पंधरा दिवसांचं द्या. दुकानात चार माणसं उभी होती. त्यांच्याकडे बघून तो हसला.

"पानवाल्याकडे जाऊन कोणी अर्धं पान मागते का, बाई?"

चारही माणसं हसली. दिपालीचे कान तापले. पण तिच्या शेजारी उभ्या अंजनाबाईचा चेहरा असा उतरला, जणू तिलाच कुणी चोर म्हटलं होतं. तिनं काउंटरची कड धरली. दिपालीला वाटलं, हा अपमान तिलाही लागला. तसं नव्हतं, पण ते कळायला अजून वेळ होता.

चैत्रात वेली उतरवायचं काम असतं. वर्षभरात वेल छतापर्यंत चढते, मग तिला शेवरीवरून सोडवायची, खाली आणायची, बुडाशी वेटोळं करून मातीत पुरायची आणि नुसता शेंडा पुन्हा बांधायचा. वाकून वाकून कंबर धरते. एका वेलीला माणूस पाच मिनिटं लावतो आणि मळ्यात वेली हजारांनी. केशव आणि दिपाली सकाळी उतरण करायचे, उन्हं चढली की अंगठ्यात पत्र्याची नखी घालून पानं खुडायची, संध्याकाळी ओल्या फडक्यावर लावून डाल्या भरायच्या. अंजनाबाईला डॉक्टरनं काम करू नका म्हटलं होतं. ती लव्हाळ्याच्या काड्या भिजवून देते एवढं म्हणायची आणि दिवसभर मळ्यातच असायची.

तिचा एकच हट्ट होता. शेवटच्या ओळीला हात लावायचा नाही. ती ओळ मी करीन, असं ती म्हणायची, आणि करत तर नव्हती.

एका दुपारी दिपाली पाणी पाजत होती. पाटातलं पाणी ओळीओळीनं पुढे सरकत होतं. मागून अंजनाबाईचा आवाज आला, अगदी घरातल्यासारखा, सहज.

"दिपाली, त्याईले पाणी नेऊन दे वं. उन्हाचे बसून हायेत."

दिपालीनं वळून पाहिलं. सासू शेवटच्या ओळीकडे बघत होती. तिथे हिरवा अंधार होता आणि ताटीतून आलेला उन्हाचा एक कवडसा. दुसरं काही नव्हतं. दिपाली तांब्या घेऊन निघाली, कारण नाही म्हणायचं धैर्य झालं नाही. ती तिसऱ्या ओळीपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. वारा नव्हता. तरी शेवटच्या शेवरीवरची पानं हलताना तिला दिसली, एका हातभर जागेतली, जशी कुणी खाली बसून वेल बांधत असताना हलतात. तिनं तांब्या तिथेच ठेवला आणि परत आली. अंगावर आलेला काटा तिनं सासूला दिसू दिला नाही.

संध्याकाळी केशवला सांगितलं तर तो चिडला. त्याचं चिडणंही भीतीचंच होतं. त्याचं म्हणणं, आईच्या डोक्यात रक्त चढून राहिलं म्हणून तिला दिसते, आणि तू कायले तिच्या नादी लागते. मग थोड्या वेळानं तोच म्हणाला की पहाटे मोटार लावायला गेलो तर मलाही खोकल्याचा आवाज आला होता. हे असं बोलणं पुढे नेऊन काही हाती लागत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

पण अठराशे रुपयांचं काहीतरी करायला हवं होतं आणि ते दिपालीनं मनावर घेतलं. पानांच्या डाल्या घेऊन केशव नागपूरच्या बाजारात निघाला त्या दिवशी तीही टेम्पोत बसली. सक्करदऱ्याला तलावाजवळ तिचा मावसभाऊ अनिश जेनेरिक औषधांच्या दुकानात कामाला होता. डी. फार्म झालेला, चष्मा लावणारा, बोलायला मोकळा. तिनं डॉक्टरची चिठ्ठी आणि तिन्ही रिकामी पाकिटं त्याच्यापुढे ठेवली.

अनिशनं निळं पाकीट उलटं केलं आणि नखानं एक ओळ दाखवली. वरचं ठळक नाव कंपनीचं, औषधाचं नाव हे खाली बारीक आहे, ते वाच, असं तो म्हणाला. मग आतून दुसरं एक साधं पाकीट आणून शेजारी ठेवलं. नाव वेगळं, रंग वेगळा, खालची बारीक ओळ अक्षरन् अक्षर तीच. आकडाही तोच, कारण आकडा चुकला तर औषध चुकलं. मग तिन्हींची किंमत त्यानं सांगितली. अठराशेचे दोनशे सुद्धा होत नव्हते.

दिपालीला आधी विश्वास बसेना. इतकं स्वस्त म्हणजे त्यात काही खोट असणार. पण मग तिला त्यांचंच पान आठवलं. मळ्यातून शेकड्याच्या भावानं जातं, आणि नागपुरात बर्डीवर त्यालाच चांदीचा वर्ख लावून ठेलेवाला तीस रुपयाला विकतो. पान काही वर्खानं बदलत नाही. अनिशनं आणखी सांगितलं की चिठ्ठीवरचं मी माझ्या मनानं बदलू शकत नाही, डॉक्टरलाच म्हणायचं, कंपनीचं नको, औषधाचं नाव लिहा. लाजायचं नाही. आणि साधी प्रेशरची गोळी सरकारी दवाखान्यात फुकटही मिळते, तिथे कार्ड काढायचं.

फुकटचं दिपालीला माहीत होतं. नानाजी एकदा गेले होते. अर्धा दिवस रांगेत बसले, त्या दिवशी गोळ्या संपल्या होत्या, पुढच्या सोमवारी या म्हणाले. तोडणीची सकाळ बुडाली म्हणून पुन्हा गेलेच नाहीत.

अनिश बोलत होता आणि दिपाली मागचे महिने मोजत होती. मागच्या श्रावणात हे कळलं असतं तर. मागच्या श्रावणात वेलींवर मर आली होती, अर्धा मळा काळा पडला होता, आणि घरात प्रत्येक गोष्ट मागे-पुढे करून चालली होती. नानाजींचं औषध आणायचं काम दिपालीचं. दहा गोळ्यांचं पाकीट दहा दिवस पुरतं. ते वीस दिवस पुरायला लागलं. तिच्या ते लक्षात आलं होतं. कन्हानची एक खेप वाचली, पैसे वाचले, तिला बरं वाटलं होतं. का पुरतंय हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. ही गोष्ट तिनं केशवला सांगितली नव्हती, माहेरी सांगितली नव्हती, स्वतःशीही कधी पूर्ण वाक्यात म्हटली नव्हती.

"ताई, एक सांगू?" अनिश चिठ्ठी पाहत म्हणाला. "तीन तीन गोळ्या खाऊन प्रेशर हलून नाही राहिलं, म्हणजे स्वस्त-महाग नंतरची गोष्ट. आधी त्या पोटात जातात का ते पाय. आणि ही तिसरी तोडायची नसते, सांगून ठेव. अख्खीच गिळायची."

घरी येऊन दिपालीनं पाकिटं मोजली. एकही गोळी जास्त नाही, एकही कमी नाही. रोजच्या रोज बाहेर निघत होत्या. मग तिला वाटलं, डॉक्टर म्हणाला तेच खरं, काही उपाय नाही. त्या संध्याकाळी ती चुलीपाशी बसून सासूच्या पाठीकडे बघत राहिली. पाठ बरीच वाकली होती. हे माणूस जाणार आणि आपण बघत राहणार, पुन्हा एकदा, असं तिच्या मनात आलं आणि तिला रडू आलं. भाकरी करपली.

दोन दिवसांनी सगळ्या ओळींची उतरण झाली, शेवटची राहिली. अंजनाबाई गावात एका मयतीला गेली होती. केशव म्हणाला, आई यायच्या आत उरकून टाक, वेली छताला लागून वाकल्या. तो छताचं पाचट नीट करायला वर चढला आणि दिपाली खुरपं घेऊन शेवटच्या ओळीत शिरली.

ज्या शेवरीला नानाजी टेकून बसले होते तिच्यापासूनच तिनं सुरुवात केली, भीती एकदाची संपवावी म्हणून. वेटोळ्यासाठी माती ओढली तर माती भुसभुशीत होती, रोज उकरल्यासारखी. खुरप्याला पान लागलं. विडा. लवंग टोचून घडी घातलेला, वाळून तपकिरी झालेला. त्याच्याखाली दुसरा, बाजूला तिसरा. काही कुजून मातीत मिसळलेले, वरचा मात्र त्याच सकाळचा, हिरवा, ओलसर. दिपालीनं लवंग काढून तो उघडला. चुना नाही, कात नाही, सुपारी नाही. आत तीन तुकडे होते. अर्धी पांढरी, अर्धी पिवळी आणि अर्धी गुलाबी गोळी.

तिनं दुसरा उघडला, तिसरा उघडला. जुन्यांमध्ये नुसता पांढरा चिकट डाग उरला होता. एका पांढऱ्या गोळीचे विडे, मग दोन रंगांचे, मग तीन. डॉक्टर गोळी वाढवत गेला तसा विडाही वाढत गेला होता.

पहाटेचा तो कट् आवाज तेव्हा तिला कळला. ती मातीत तशीच बसून राहिली. वरून केशव काहीतरी विचारत होता, तिनं उघडलेले विडे पदरात घेतले.

अंजनाबाई मयतीहून आली, अंगणात आंघोळ केली आणि ओल्या केसांनीच मळ्यात आली. दिपालीच्या पदरातले उघडे विडे तिनं पाहिले. ओरडेल, असं दिपालीला वाटलं होतं. ती हळूच खाली बसली आणि एकेक विडा पुन्हा मिटायला लागली. बोलली तेव्हा मान वर केली नाही.

"मागच्या श्रावणात वेली मरून राहिल्या होत्या. तुले माहीतच हाय. म्या म्हटलं, दिसाले अर्धी खाल्ली तं काय होते? सरोत्यानं कातरत होती. त्याईनं पुसलं, अर्धी काहून वं? म्या सांगतलं, डाक्टरनं अर्धीच केली." ती थांबली. "थे खुश झाले ना वं. गावभर सांगत फिरले, माही गोळी अर्धी झाली, मी सुधरून राहिलो म्हणून."

दिपालीला ते आठवलं. नानाजींनी तिलाही सांगितलं होतं, अंगणात उभं राहून, छाती थोडी पुढे काढून. ती हसली होती आणि तब्येत जपा म्हणाली होती.

"आता थे इथं येऊन बसते," अंजनाबाई म्हणाली. "रागावत नाही. काही बोलत नाही. हात पुढे करते नुसता. त्याईची अर्धी माह्याजवळ राहिली. थे देऊन राहिली मी, रोजची रोज."

दिपालीच्या ओठावर आलं होतं, की आत्याबाई, मलेही माहीत होतं. त्या वेळी म्हटलं असतं तर सोपं गेलं असतं. तिनं सासूच्या हातातले विडे घेऊन पुन्हा मातीत ठेवले, माती सारखी केली आणि शेवटची ओळ न उतरवताच दोघी बाहेर आल्या.

भूत नसतं, मेलेला माणूस गोळी खात नाही, हे दिपालीला बोलता आलं असतं. केशव ते बोललाच, ऐकल्या ऐकल्या, आईपुढे हात जोडून. अंजनाबाईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या पहाटे सरोत्याचा आवाज झाला. समजावून सुटणारी ही गाठ नव्हती. दिपालीला ते समजलं, कारण शेवरीची पानं तिनंही हलताना पाहिली होती.

त्याच दिवशी ती एकटी कन्हानला गेली आणि डॉक्टरला सगळं सांगितलं. विडे सोडून बाकी सगळं. आमची म्हातारी निम्म्याच गोळ्या खात होती, एवढं. डॉक्टरनं जुनी चिठ्ठी पुढे ओढली. मग म्हणाला, बाई, हे आधी सांगितलं असतं तर मी दोन गोळ्या कशाला वाढवल्या असत्या. त्यानं पिवळी आणि गुलाबी खोडली. पहिली एकच ठेवली, पण पूर्ण, न चुकता, आणि दर आठवड्याला प्रेशर मोजायचं, वर राहिलं तर लगेच यायचं. दिपालीनं पदर सावरला आणि म्हणाली, कंपनीचं नाव नका लिहू, औषधाचं लिहा. डॉक्टरनं चष्म्यावरून पाहिलं. मग चिठ्ठी फाडून दुसरी लिहिली, मोठ्या अक्षरात. बाहेर पडताना तिची मान ताठ होती.

तशीच ती सक्करदऱ्याला गेली. त्या गोळीचं दहाचं पाकीट अनिशकडे बारा रुपयाला होतं. त्यानं महिन्याची तीन पाकिटं काढली. दिपालीनं सहा मागितली. दोन महिन्यांची का, त्यानं विचारलं.

"नाही, एकाच महिन्याची," दिपाली म्हणाली. "घरात दोन माणसं हायेत."

घरी आल्यावर तिनं पाकिटं सासूच्या पुढ्यात दोन जागी मांडली, तीन इकडे, तीन तिकडे. काय सांगायचं ते तिनं टेम्पोत जुळवून ठेवलं होतं. या तुमच्या. या मामाजींच्या. त्यांनाही अख्खी द्या, तुम्हीही अख्खी खा. आता तोडायचं काम नाही, तेवढी महाग ती राहिली नाही.

अंजनाबाईनं पाकीट उचलून पाहिलं. रंग वेगळा, नाव वेगळं. ही तीच आहे का, असं तिनं विचारलं. दिपालीनं तिचं बोट धरून खालच्या बारीक ओळीवर फिरवलं. अंजनाबाईला वाचता येत नव्हतं, पण तिनं जुनं निळं पाकीट आणलं आणि दोन्ही ओळी शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं, नख लावून. त्याला बराच वेळ लागला.

"अख्खी," ती म्हणाली. "किती दिस द्याची?"

"जितके दिवस अर्धी दिली तितके."

अंजनाबाई तोंडावर पदर घेऊन रडली. नवरा गेल्यावरही ती अशी रडली नव्हती. केशव ओट्यावर बसून होता, तो उठून मळ्याकडे निघून गेला.

दुसऱ्या पहाटे सरोत्याचा आवाज झाला नाही. दिपाली जागीच होती. भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, मग घोट, मग पावलं मळ्याच्या दिशेनं. त्यानंतरही रोज तसंच. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांचं जेवण केलं. नानाजींचं पहिलंच वर्ष, म्हणून चिंचोणी, कुरड्या, आंब्याचा रस, सगळं पत्रावळीवर वाढलं, आणि शेवटी अंजनाबाईनं विडा ठेवला. भावकीतले धरून चौघं-पाच जण जेवायला होते. विड्यात काय आहे हे त्यातल्या तिघांनाच माहीत होतं.

आखाजीनंतरच्या सोमवारी गावातलं आरोग्याचं काम बघणारी आशाताई प्रेशरचं मशीन घेऊन आली. एकशे चव्वेचाळीस. तिनं पुन्हा मोजलं, तेवढंच आलं. केशवनं गावात जाऊन पेढे आणले, जणू पोरगं झालं होतं. अंजनाबाईनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, उद्या शेवटच्या ओळीची उतरण करून घेऊ, वेली थकल्या बिचाऱ्या.

सकाळी दिपाली पाण्याची बादली घेऊन मळ्यात आली तेव्हा उजाडत होतं. चपला बाहेर काढून ती आत शिरली. शेवटच्या ओळीतून अंजनाबाईचा आवाज येत होता, हळू, एकसारखा, चहा देताना नवऱ्याशी बोलावं तसा. घ्या, अख्खी हाय, असं काहीसं. मग ती थांबली. ऐकत असावी, कारण मधेच हं म्हणाली, पुन्हा हं म्हणाली. दिपाली तिसऱ्या ओळीपाशीच उभी राहिली. तिथून पुढे तिचा पाय आजही जात नव्हता.

अंजनाबाई उठली, गुडघ्याची माती झटकली आणि ओळीतून चालत तिच्याकडे आली. चेहरा शांत होता, कितीतरी महिन्यांनी शांत होता. जवळ येऊन तिनं दिपालीच्या दंडाला धरलं.

"थे पुसून राहिले," ती म्हणाली, "सुनेलेही माहीत होतं ना म्हणे."

दिपालीनं तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्यात राग नव्हता, संशय नव्हता. निरोप आणणाऱ्या माणसाचे डोळे होते ते. ही गोष्ट दिपालीनं या जगात कुणालाही सांगितलेली नव्हती. शेवटच्या शेवरीची पानं हातभर जागेत हलत होती आणि वारा अजून सुटला नव्हता. नाही म्हणता आलं असतं. तिनं बादली खाली ठेवली.

"हव," ती म्हणाली. "माहीत होतं."

अंजनाबाईनं मान डोलावली, हे उत्तर तिच्याही कामाचं असल्यासारखी. मग पदराच्या गाठीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, नानाजींच्या वाट्याचं, आणि दिपालीच्या हातात दिलं.

"मंग उद्यापासून विडा तू लाव."